लघवी भरभरून होते, मग किडनीला काय धाड भरलीय?

तासगाव तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. नावगाव गाळून त्याचा मथितार्थ देते. घर द्राक्षबागायतदाराचं. सासऱ्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. वय ६६, बारा वर्षांची शुगर. पायाला मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) १.७ निघालं, ई-जीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४४ आणि लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन दोन प्लस. डॉक्टरांनी कंबरदुखीची गोळी बंद करायला सांगितली, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून मिरजेला आणून द्यायला सांगितली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तात्या म्हणतात, "दिवसातनं धा येळा भरभरून होतीया, किडनीला काय धाड भरलीय? आन् मुताचा कॅन मांडीवर घिऊन मी यष्टीत बसू?" धाकट्या दिरांनी मोबाइलवर काहीतरी बघून रोज पाच लिटर पाणी आणि एका वैदूचा काढा सुरू करायला लावलाय. नवरा '४४ टक्के म्हणजे आता डायलिसिसच' म्हणून रात्रभर कूस बदलत असतो, पण वडिलांपुढे अवाक्षर काढत नाही. पाण्याचा तांब्या पुढं करणं, काढा उकळणं, गोळी लपवणं हे सगळं सुनेकडे. ती विचारते: "लघवी एवढी होत असताना किडनी खराब कशी असेल? पाणी पाजत राहू का? आणि मी सून. मामंजींच्या असल्या गोष्टीबद्दल मी कुठल्या तोंडानं बोलू?"

ताई,

मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २६ वर्षं काढली. त्यामुळे 'लघवी' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळत नाही. तुमचा अडखळलाय. पत्रात तीन ठिकाणी तुम्ही नुसतं 'ते' लिहिलंय आणि एका ठिकाणी लिहून खोडलंय. या अडखळण्याकडे मी शेवटी येते. आधी तात्यांचा प्रश्न घेऊ, कारण तो प्रश्न चुकीचा नाही. आमच्या खिडकीसमोर उभं राहून निम्म्या माणसांनी तोच विचारला असेल. मी डॉक्टर नाही. औषध सांगणार नाही. पण त्या कागदावरचे आकडे कुठून येतात ते मला ठाऊक आहे.

तुमच्या शेडमध्ये फवारणीचं २०० लिटरचं बॅरल असेल. माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, म्हणजे ते बॅरल जवळजवळ काठोकाठ. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात आणि हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. आता अंगात सगळं मिळून रक्तच पाच लिटर, मग १८० लिटर येतं कुठून? तेच तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा गाळलं जातं. गाळलेल्यातलं ९९ टक्के किडनी परत रक्तात ओढून घेते. साखर परत, मीठ लागेल तेवढं परत, पाणी परत. उरलेलं लिटर-दीड लिटर बाहेर टाकते. आपण मोरीत बघतो ती फक्त ती शिल्लक.

म्हणजे किडनीचं खरं कसब गाळण्यात जेवढं आहे तेवढंच परत ओढण्यात आहे. आणि किडनी दमायला लागली की बऱ्याचदा हे ओढण्याचं कसब आधी ढिलं पडतं. निरोगी माणसाची रात्रीची लघवी थोडी आणि गडद असते, कारण झोपेत किडनी पाणी राखून ठेवते. ती ताकद गेली की लघवी पांढरी-पातळ आणि भरपूर होते, रात्री उठावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, काय स्वच्छ होतीय! त्यात तात्यांना शुगर. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढता येत नाही. ती लघवीत सांडते आणि जाताना पाणी सोबत घेऊन जाते. आपल्या जुन्या वैद्यांनी या दुखण्याला मधुमेह म्हटलं, त्यातला 'मेह' म्हणजे लघवीच. अशा लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनीही पाहिलं होतं. तेव्हा तात्यांचं 'धा येळा भरभरून' हे किडनी ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र नाही. तो शुगर ताब्यात नसल्याचा पुरावाही असू शकतो.

हे त्यांना बॅरलनं पटलं नाही तर ड्रिपनं पटेल. ठिबकच्या फिल्टरची जाळी फाटली तर पाणी यायचं थांबतं का? उलट जोरात येतं. गडी खूश होतो, प्रेशर चांगलं आहे म्हणून. आठवड्यानं ड्रिपर गाळानं बुजायला लागले की कळतं. लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे हेच. जे जाळीच्या अलीकडे राहायला हवं ते पलीकडे निघून चाललंय. किती पाणी आलं हे बघून जाळीचं काही कळत नाही. त्या पाण्यात काय आलं ते बघावं लागतं.

माणसाला हे कळायलाही फार वेळ लागला बरं का. किडनी आधी सगळं गाळते आणि मग निवडून परत घेते, ही कल्पना १८४०च्या दशकात जर्मनीच्या कार्ल लुडविगनं मांडली होती, पण ऐंशी वर्षं त्यावर वाद चालले. कोणी म्हणे किडनी लघवी तयार करून पाझरते, गाळत नाही. निकाल लावला तो बेडकानं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्फ्रेड रिचर्ड्स आणि जोसेफ वर्न यांनी केसासारखी बारीक काचेची नळी ओढली, सूक्ष्मदर्शकाखाली ती जिवंत बेडकाच्या किडनीतल्या एका गाळणीत खुपसली आणि तिथला थेंब काढून तपासला. त्यात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती. म्हणजे वाटेत कोणीतरी ती परत घेतली होती! १९२४ साली त्यांनी हे छापलं. मी लॅबमध्ये लागले तेव्हा आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी पहिल्याच आठवड्यात हा बेडूक सांगितला होता. पुढं रोज शंभर बाटल्या हाताळताना किळस आली नाही, त्याचं थोडं श्रेय मी त्या बेडकाला देते.

आता ४४. तुमच्या यजमानांना सांगा, हा परीक्षेतल्या टक्क्यांसारखा आकडा नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून सूत्रानं काढलेला तो अंदाज आहे: मिनिटाला किती मिली गाळलं जातं याचा. साठच्या खालचा आकडा किंवा लघवीतलं अल्ब्युमिनसारखं बिघाडाचं लक्षण तीन महिने टिकलं तरच त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय ते उगाच नाही. कधी उलट्या-जुलाबांनी, कधी गोळ्यांनी आकडा तात्पुरता बिघडतो आणि कारण काढलं की थोडा सावरतो. डायलिसिसचा विचार साधारण पंधराच्या खाली गेल्यावर आणि तोही अंगावर दिसणाऱ्या त्रासावरून होतो. ४४ वरून तिथं पोचायला अनेकांना कितीतरी वर्षं लागतात, पुष्कळांवर ती वेळ येतच नाही. आणि आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रात्री कूस बदलायला कारण नाही. पण स्वस्थ बसायलाही नाही, कारण क्रिएटिनिन हा उशिरा बोंबलणारा गडी आहे. किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो कधी कधी हद्दीत दिसतो. १.७ म्हणजे 'जरासं वाढलंय' असं समजू नका.

कंबरदुखीची गोळी. तुम्ही लिहिलंय की स्ट्रिप तुम्हीच आणून देत होता, आणि त्या वाक्यानंतर पत्राचा सूर बदललाय. ताई, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, शेजारचे घेतात, छाटणीच्या दिवसांत अख्खं शिवार त्या गोळीवर वाकून उठतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नाही ना. मग ते ओझं खाली ठेवा. पण गोळी मात्र खरंच बंद करा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या घराण्यातल्या गोळ्या किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवणारं रसायन अडवतात. तरण्याताठ्याची किडनी ते दोन दिवस सोसते. शुगर, बीपी आणि उन्हात घाम गाळलेलं अंग असलं की सोसत नाही.

तात्यांना हे सांगायला एक गोष्ट आहे आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोरची आहे. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. ती गेली कुठं? दुखण्याखुपण्यात जनावरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिली जायची. ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या. पाखरं उघडून पाहिली तेव्हा आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर साचलेला होता. २००४ साली हे कारण पक्कं झालं, २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण रोज एक, वर्षानुवर्षं, तेही शुगर असताना? कंबर दुखणारच, बाग काही थांबत नाही. त्यावर काय घ्यायचं हे डॉक्टरांना विचारा. गोळी नुसती लपवू नका. लपवलेली गोळी माणूस दुसऱ्या दुकानातून आणतो.

पाण्याबद्दल दीर म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून ते घातक आहे. पाण्यानं किडनी 'धुऊन निघते' हे ऐकायला छान वाटतं. कॅनडात ओंटारिओ प्रांतात हे करून पाहिलं गेलं. किडनीचा मधल्या टप्प्याचा आजार असलेले, म्हणजे तात्यांसारखेच, ६३१ लोक घेतले. निम्म्यांना रोज लिटर-दीड लिटर पाणी जादा प्यायला लावलं, त्यांच्या मागं लागून, वर्षभर. निम्म्यांना नेहमीसारखं पिऊ दिलं. २०१८ मध्ये निकाल आला. जादा पिणाऱ्यांची लघवी वाढली खरी, पण किडनीची घसरण दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. जादा पाण्यानं काही वाचलं नाही. वर, ज्याच्या किडनीला पाणी बाहेर टाकणं जड जातंय किंवा हृदय कमजोर आहे, त्याच्या पायावर सूज येते, धाप लागते, रक्तातलं सोडियम उतरून माणूस बरळायला लागतो. पाच लिटर आजच थांबवा.

पण 'पाणी कमीच प्या' असंही मी म्हणत नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत उसाच्या फडात काम करणारे तरणे गडी, ज्यांना ना शुगर ना बीपी, किडनी जाऊन मरत होते. नेमकं एकच कारण आहे असं आजही कोणी म्हणत नाही, पण उन्हाच्या काहिलीत तासन्तास कोयता चालवणं आणि पाणी न मिळणं यावरच मोठा संशय आहे. तिथं आता फडावर पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती देण्याचे प्रयत्न झालेत. आपल्या सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे थंडीत निघतात, दुपारी एकला उन्हात मोळी डोक्यावर, आणि प्यायला कुठल्या तरी सरीतलं पाणी. पण त्यावर वेगळं लिहावं लागेल. तात्यांसाठी एवढंच: एप्रिलच्या छाटणीला उभे असतील तर तहान लागेल तसं प्यावं, सोबत पाण्याची बाटली असावी, भर दुपारी घरी यावं. घरी बसलेले असताना कोणी तांब्या घेऊन मागं लागू नये. पाय सुजत असतील तर दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

काढ्याचं ऐकून दीर रागावतील, रागावू द्या. मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. माझी आई अडुळशावर वाढली. पण त्या काढ्यात काय आहे हे वैदू सांगत नाही, आणि खराब किडनीला न कळलेली गोष्ट पाजणं म्हणजे अंधारात औषध फवारणं. १९९३ साली ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की वजन कमी करायच्या चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल घेणाऱ्या बायकांच्या किडन्या एकामागून एक निकामी झाल्या. एका मुळीच्या जागी भलतीच मुळी आली होती. ती ज्या जातकुळीतली, त्याच जातकुळीतली ईश्वरी म्हणजे सापसंद आपल्याकडेही औषधी म्हणून ओळखली जाते. त्या वैदूच्या काढ्यात ती आहे असं मी म्हणत नाही. त्यानं घटक लिहून द्यावेत, तो कागद डॉक्टरांना दाखवावा. नाही दिले तर चूल विझवा.

आता कॅन. माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा रमते. चोवीस तासांच्या लघवीत बहुतेक लोक चुकतात ते सुरुवातीला. समजा सकाळी सहाला उठले, तर ती पहिली लघवी कॅनमध्ये नाही घालायची. ती मोरीत जाऊ द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक, रात्रीचीसुद्धा, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची शेवटची, ती मात्र कॅनमध्ये. संडासला जायच्या आधी लघवी वेगळी करून घ्यायची, नाहीतर ती सुटते. कॅन लॅबच देते, त्यात कधी औषध घातलेलं असतं ते ओतून टाकायचं नाही. सावलीत, थंड जागी ठेवायचा.

एकदा एक गृहस्थ वडिलांचा कॅन घेऊन आले, अगदी खांद्यापर्यंत भरलेला. रंग बघूनच मला शंका आली. मशीनवर लावलं तर पूर्ण दिवसाचं क्रिएटिनिन एखाद्या लहान पोराएवढं. माणसाच्या स्नायूंतून रोज जवळपास ठरलेल्या मापानं क्रिएटिनिन बाहेर पडतं. त्यामुळे कॅन पुरा आहे की अपुरा हे कॅनच सांगतो. खोदून विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, गाडीत निम्मं सांडलं. डॉक्टर रागावतील म्हणून स्टँडवरच्या नळाचं घातलं." सांडलं तर सांगा ताई. पुन्हा करता येतं. नळाच्या पाण्याची किडनी तपासून कोणाचं भलं होणार?

पण कदाचित हा सगळा खटाटोप करावाच लागणार नाही. डॉक्टरांना एक विचारा: सकाळच्या पहिल्या लघवीची एक छोटी बाटली देऊन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो काढला तर चालेल का? लघवी पातळ असो की घट्ट, अल्ब्युमिनला क्रिएटिनिननं भागलं की हिशेब बरोबर येतो. आता बऱ्याच ठिकाणी हीच तपासणी आधी करतात. ३०च्या आत आला तर ठीक, ३००च्या वर म्हणजे जाळी बरीच फाटलीय. बाटली खिशात मावते. डॉक्टरांना कॅनच हवा असेल तर त्यांचं काही कारण असेल, तेव्हा त्यांचं ऐका. पण विचारायला लाज कसली?

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जाता जाता लिहिल्यासारखी: "रात्री चार-पाचदा उठतात, बाहेर बराच वेळ उभे राहतात." मला तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. भरभरून होणारा माणूस बराच वेळ का उभा राहील? या वयात प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, पुष्कळदा वाढलेली असते. लघवी अडून अडून होते, पिशवी पुरती रिकामी होत नाही, आणि तुंबलेला दाब मागं किडनीवर जातो. हे असेल तर सोनोग्राफीत दिसतं. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरलं तेही मोजतात. अडथळा काढला की किडनीवरचा ताण उतरतो. ही ओळ डॉक्टरांना सांगितलीय का? माझी खात्री आहे, नाही. तात्या सांगणार नाहीत, आणि तुम्ही आत गेला नव्हता.

औषधांविषयी एवढंच सांगते की गेल्या काही वर्षांत हातात पुष्कळ आलंय. बीपीच्या काही गोळ्या जाळीवरचा दाब उतरवतात. आणि एक गंमत ऐका. शुगरवर गोळ्यांचा एक वर्ग आहे जो किडनीला साखर परत ओढू देत नाही, मुद्दाम लघवीत सांडायला लावतो. रिचर्ड्सच्या बेडकाच्या बरोब्बर उलटं! त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनची चाचणी ४,३०४ किडनीच्या रुग्णांवर झाली, २०२० मध्ये निकाल आला. किडनी ढासळणं आणि किडनी-हृदयाच्या दुखण्यानं होणारे मृत्यू मिळून धोका ३९ टक्क्यांनी उतरला. त्याच साली तिचं भारतातलं एक पेटंट संपलं आणि पुढं ती परवडायला लागली. तात्यांना ती चालेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही नाव काढायला हरकत नाही. सुरू केलीच तर लघवीच्या रिपोर्टवर शुगर दिसणारच, घाबरून बंद करू नका. आणि उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं सुटलं, की त्याच दिवशी फोन करून विचारा कुठल्या गोळ्या थांबवायच्या. आजारपणाचे हे दोन दिवस किडनीला फार महागात जातात. तोंडावर सूज, धाप, लघवी एकदम कमी होणं, सारखी मळमळ, यातलं काही दिसलं तर तीन महिन्यांची वाट बघायची नाही.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका, अजून नाही. मीठ मात्र कमी. वरून घेतलेलं मीठ, लोणचं, पापड, आणि तात्यांना संध्याकाळी लागत असेल तो भडंग. रक्तातलं पोटॅशियम (किडनीनं बाहेर टाकायचा एक क्षार) तपासून घ्या. ते वाढलेलं निघालं तर घरच्या बेदाण्याची मूठ आणि आजारी माणसाला हमखास पाजतात ते नारळपाणी, दोन्ही आवरावं लागेल. तोवर उगाच डाळ-भाजी तोडून माणसाला वाळवू नका.

आणि आता तुमचं 'कुठल्या तोंडानं'.

मला तुम्हालाच एक विचारायचंय. हे तुम्हीच बोलायला हवं असं ठरवलं कोणी? पाणी दिरांनी सांगितलं, पाजता तुम्ही. काढा त्यांनी आणला, उकळता तुम्ही. भीती यजमानांना वाटते, उपाय विचारायला पत्र तुम्ही लिहिलंत. दोन तरणे मुलगे घरात असताना वडिलांच्या लघवीची काळजी सुनेच्या डोक्यावर, आणि वर तिलाच संकोच! तुमचा संकोच मला समजतो, पण तो मुळात तुमच्या वाट्याला यायला नको होता. यजमानांना हे पत्र वाचायला द्या. पुढच्या वेळी केबिनमध्ये तात्यांबरोबर त्यांनी जायचं, कागदावर तीन गोष्टी लिहून न्यायच्या: रात्रीचं उठणं, किती वर्षं कोणती गोळी घेतली, आणि काढा. बाप-लेकात हा विषय निघत नसेल तर स्कूटरवर काढा. तोंड समोर नसलं की पुरुष बोलतात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

तुम्हाला काही करायचंच असेल तर एक करा. तात्या दर हंगामात पान-देठ तपासायला लॅबला पाठवतात ना? त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय खताची गोणी फोडत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. वेल हिरवीगार दिसली तरी ते देठ पाठवतात. जेवायला वाढताना सहज विचारा, "तात्या, बाग एवढी टवटवीत दिसतीय, मग देठ कशाला पाठवता?" ते सविस्तर सांगतील. पुढचं काही बोलू नका. त्यांना ताटावर बसून विचार करू द्या.

राहता राहिला एस्टीचा प्रश्न. कॅन न्यायचाच झाला तर झाकण घट्ट लावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा ठेवा. तासगावहून मिरजेला निघालेल्या माणसाच्या मांडीवर तो खोका बघून कोणाला नवल वाटणार नाही. फार तर शेजारचा भाव विचारेल.